खोली, पावती आणि आडनाव

मुंबईवर पुस्तकं पुष्कळ निघाली. किल्ल्याची निघाली, बंदराची, रेल्वेची, शेठ लोकांच्या दानधर्माची. गिरण्यांचीही निघाली. पण खोलीचा इतिहास आपल्या भाषेत, आपल्या माणसाच्या बाजूनं कुणी सांगत बसत नाही. दोस्तहो, गावाकडून आलेल्या आपल्या माणसाला या शहरानं दोन दारं दाखवली. एक गिरणीचं, एक खोलीचं. गिरणीच्या दारात आधी हात बघितले. खोलीच्या दारात आधी जात बघितली.

आपल्या अभ्यासवर्गात महाड होतं, काळाराम होतं, पुणे करार होतो. व्हायलाच पाहिजे. पण त्याच वर्गात बसलेली निम्मी पोरं भाड्यानं राहतात, आणि ज्या कागदावर अंगठा उठवला त्या कागदात काय लिहिलंय ते विचारलं तर एजंटकडे बोट दाखवतात. म्हणून हा लेख. मी इतिहासाचा पदवीधर नाही. बारावीनंतर लूमवर उभा राहिलो, बाकीचं वाचनालयात बसून वाचलं. एरवी मी कविता करतो. या खेपेला कविता बाजूला ठेवली आहे, हिशेब मांडतो.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत मांडवीला प्लेग निघाला. माणसं पटापट मेली, उरलेली गावाकडे पळाली, गिरण्या ओस पडायची वेळ आली. तेव्हा कुठं सरकारला दिसलं की कामगार कसल्या खुराड्यात राहतो. १८९८ साली बॉम्बे सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट उभा केला. जुन्या दाट वस्त्या पाडायच्या, रस्ते रुंद करायचे, कामगारांसाठी चाळी बांधायच्या असा बेत. पाडलं भराभर, बांधलं सावकाश. ज्यांची खोली पाडली ते पुढच्या गल्लीतल्या खोलीत कोंबले गेले. तरी ज्या चाळी बांधल्या त्या बांधल्या. त्यांना आपण बीआयटी चाळी म्हणतो, आणि आपल्या चळवळीचा फार मोठा भाग त्या चाळींच्या जिन्यावरून खाली उतरला आहे. त्यावर पुढं येतो.

त्याआधी साध्या माणसाची खोली कशी असायची ते बघू. दहा बाय दहा, फार तर दहा बाय बारा. एका कोपऱ्यात मोरी, वर पोटमाळा, बाहेर सामाईक गॅलरी, टोकाला सामाईक संडास. १९२१ च्या जनगणनेत मुंबईतले बहुसंख्य लोक एकाच खोलीच्या घरात राहताना सापडले. एका खोलीत एक कुटुंब, ही तर चैन. गावाकडून एकटे आलेले पुरुष गावकीची खोली करायचे. एका गावचे वीस-पंचवीस जण मिळून भाडं भरायचे. प्रत्येकाची एक पेटी, एक वळकटी. दिवसपाळीवाला कामावर गेला की रातपाळीवाला त्याच जागेवर अंग टाकायचा. जेवण खानावळीत. खानावळ चालवणारी बाई म्हणजे बहुतेक वेळा गिरणीतून कमी झालेली नाही तर नवरा गेलेली कामकरीण. तिचा इतिहास वेगळा लिहायला हवा.

पण ही गावकी जातीची होती, हे विसरायचं नाही. मराठ्यांच्या गावकीच्या खोलीत त्याच गावच्या महाराची वळकटी नसायची. गावात जशी शीव तशी इथं भिंत. आपल्या लोकांनी आपल्या खोल्या वेगळ्या केल्या, वेगळ्या चाळीत केल्या. कुणी म्हणेल, माणूस आपल्या माणसांत राहतो, त्यात काय एवढं. काय एवढं ते पगारात दिसायचं. गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागावर, पगार जास्त. तिथं आपल्या माणसाला घेत नसत. कारण काय, तर कांडी बदलताना धोट्याच्या भोकातून धागा तोंडानं ओढून घ्यावा लागायचा, आणि महारानं तोंड लावलेला धोटा सवर्ण साचेवाला तोंडाला कसा लावणार. म्हणून आपला माणूस रिंगखात्यात. १९२८ च्या मोठ्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांपुढं ठेवला, की अस्पृश्य कामगाराला सगळ्या खात्यांत काम मिळालं पाहिजे. लाल बावट्याच्या पुढाऱ्यांना तो तेव्हा फारसा महत्त्वाचा वाटला नाही. आता हिशेब करा. खातं हलकं, म्हणून पगार हलका. पगार हलका, म्हणून खोली हलकी. आणि वरून म्हणायचं की ही माणसं घाणीतच राहतात.

माझे पणजोबा रिंगखात्यात होते, आजोबाही. मी आज भिवंडीला लूमवर उभा राहतो. पणजोबांना साच्याला हात लावू दिला नाही, मला साच्यावरून हात काढू देत नाहीत. लूमवर आता जात विचारत नाहीत, बारा तास उभा राहशील का एवढंच विचारतात. दोन दारांपैकी एक दार एवढं तरी बदललं. दुसऱ्याचं काय झालं ते बघायचं तर बाबासाहेबांना भाडेकरू म्हणून बघावं लागतं. आपण त्यांना घटनाकार म्हणून बघतो, क्रांतिकारक म्हणून बघतो. त्यांनी आयुष्याची पहिली चाळीसएक वर्षं दुसऱ्याच्या छताखाली काढली, याचा विचार करत नाही.

रामजीबाबा मुलांना घेऊन मुंबईला आले ते लोअर परळच्या डबक चाळीत एका खोलीत राहिले. तीच स्वयंपाकाची, तीच झोपायची, तीच अभ्यासाची. पुढं परळला पोयबावडीच्या बीआयटी चाळ नंबर एकमध्ये दुसऱ्या मजल्यावर ५० आणि ५१ नंबरच्या दोन खोल्या. १९१३ साली बाबासाहेब न्यूयॉर्कला गेले. तिथं कोलंबिया विद्यापीठाच्या वसतिगृहात नवल भथेना त्यांच्याबरोबर एका खोलीत राहायचे. हे भथेना पारशी, आणि ते जन्माचे मित्र राहिले. हे मुद्दाम सांगतोय, कारण पुढची गोष्टही पारशी माणसांचीच आहे, आणि ऐकताना आपला राग चुकीच्या जागी जायला नको.

सप्टेंबर १९१७. शिकून आलेले बाबासाहेब करारानुसार बडोद्याला सयाजीराव महाराजांच्या संस्थानात नोकरीला गेले. नोकरी पक्की, पगार पक्का, राहायला जागा नाही. हिंदू खाणावळीत विचारायची सोय नव्हती. एका पारशी सराईत गेले. सराई फक्त पारशांसाठी. राखणदाराला मात्र गिऱ्हाईक हवं होतं, कारण सराई रिकामीच पडलेली. जेवणाखाणासकट रोजचा दीड रुपया ठरला आणि वहीत पारशी नाव लिहिलं गेलं. म्हणजे बघा, मालकाच्या माणसाला पैसा पटला होता, राहणाऱ्याला दर पटला होता, व्यवहार पुरा झाला होता. अकराव्या दिवशी डझनभर पारशी काठ्या घेऊन वर आले. कोण आहेस तू? सराई बाटवलीस. संध्याकाळपर्यंत चालता हो. बाबासाहेबांनी दोन मित्रांकडे विचारलं. एक हिंदू. तो म्हणाला, तुम्ही माझ्याकडे आलात तर माझे नोकर निघून जातील. दुसरा ख्रिस्ती. तो म्हणाला, बायकोला विचारावं लागेल. आणि बायको मूळची ब्राह्मण घरातली. शेवटी कामाठी बागेत पाच तास बसून काढले आणि रात्रीच्या गाडीनं मुंबई गाठली. हे सगळं त्यांनी स्वतः ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आठवणींत लिहून ठेवलं आहे. ज्यांनी वाचलं नसेल त्यांनी वाचावं, छोटंसंच आहे.

आपल्याकडे हा प्रसंग सांगताना डोळ्यांत पाणी आणतात आणि पुढं जातात. मी म्हणतो, जरा थांबा, यातला व्यवहार बघा. संस्थानची नोकरी होती, परदेशातली विद्या होती, खिशात भाडं होतं. खोली गेली म्हणून नोकरी गेली. नोकरी देणाऱ्या महाराजांनाही एक खोली देता आली नाही. ज्याच्या हातात खोली त्याच्या हातात तुमची भाकर, हे १९१७ ला लागू होतं.

बडोद्याहून परत आले ते पोयबावडीच्या त्याच खोल्यांत. तिथं मालक कोण? ट्रस्ट. ट्रस्टला भाडं हवं होतं. शेजाऱ्यांच्या मनात जात नव्हती असं मी म्हणत नाही. पण काठ्या घेऊन या आणि संध्याकाळपर्यंत खोली सोडा म्हणा, असं करता येत नव्हतं, कारण खोली शेजाऱ्यांची नव्हती. या खोल्यांत रमाई राहिल्या, यशवंतराव वाढले. १९२४ मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभा निघाली, तिचं ऑफिस जवळच दामोदर हॉलमध्ये. १९२७ चं महाड झालं तेव्हा पत्ता हाच, १९३० मध्ये गोलमेज परिषदेला विलायतेला निघाले तेव्हाही हाच. मधल्या काळात १९२१-२२ ला लंडनमध्ये १० किंग हेन्रीज रोडवर ते भाड्यानं राहिले. ते घर २०१५ साली महाराष्ट्र सरकारनं विकत घेतलं. लंडनचं घर विकत घेता येतं सरकारला! पुढं दादरच्या हिंदू कॉलनीत राजगृह बांधलं आणि १९३० च्या दशकाच्या पहिल्या निम्म्यात बाबासाहेब तिथं राहायला गेले. सगळ्यात मोठी जागा पुस्तकांना दिली. भाडेकरू म्हणून त्यांचा मुंबईतला हिशेब तिथं संपला. आपला चालू आहे.

आता बीडीडी. पहिल्या महायुद्धानंतर मुंबईत घरांची बोंब झाली, संप झाले, तेव्हा गव्हर्नर लॉईडनं १९२० मध्ये बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट काढलं. शहरात येणाऱ्या कापसाच्या गाठीमागं एक रुपया कर बसवून पैसा उभा करायचा आणि पन्नास हजार खोल्या बांधायच्या असा बेत होता. वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी मिळून २०७ चाळी झाल्या. एका चाळीत तीन मजले वर, एक खाली, मजल्यावर वीस म्हणजे ऐंशी खोल्या. सगळ्या मिळून साडेसोळा हजारांच्या आसपास. खोली साधारण १६० चौरस फूट. सिमेंट काँक्रीटचा डबाच तो. सुरुवातीला वरळीच्या कित्येक चाळी रिकाम्या पडल्या. भाडं परवडेना, पाण्याची बोंब, बाजार लांब. सविनय कायदेभंगाच्या चळवळीत सरकारनं यातल्या काही चाळी तुरुंग म्हणून वापरल्या. कामगाराच्या खोलीची आणि कैद्याच्या कोठडीची जात एकच, हे इंग्रजालाही कळलं होतं.

पुढं चाळी भरल्या. आपले लोक इथं मोठ्या संख्येनं आले. सरकारी चाळ म्हणून येता आलं. पण इमारती वाटल्या गेल्याच. ही बौद्धांची, ती मराठ्यांची, पलीकडची पोलिसांची. अंगण एक, नळ एका रांगेत, तरी जिना वेगळा. हे पुसलं गेलं नव्हतं याचा पुरावा १९७४ मध्ये मिळाला. ५ जानेवारीला वरळीला दलित पँथरची सभा झाली आणि दंगल पेटली. चाळीवरून चाळीवर दगड. १० जानेवारीला परळला निघालेल्या मोर्चावर वरून टाकलेल्या दगडानं भागवत जाधव शहीद झाले. तारखा पाठ आहेत आपल्याला. या वेळी एवढंच लक्षात घ्या, की एवढी दंगल होऊनही आपला माणूस बीडीडीतून बाहेर काढता आला नाही. १९१७ ला बारा काठ्यांनी जे झालं ते १९७४ ला साऱ्या वरळीला जमलं नाही. पँथर छातीचा कोट करून उभे होते हे तर आहेच. पण खोली सरकारच्या कागदावर होती हेही आहे. मला हे दुसरं कारण लोकांनी फार हलक्यानं घेतलं असं वाटतं.

ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या पाचशेच्या वर कुटुंबांना नव्या टॉवरमधल्या ५०० चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या दिल्या. चांगलं झालं. मेंटेनन्स कसा भरायचा ही चिंता पुढची.

खाजगी चाळीतली गोष्ट वेगळी. १९४७ चा मुंबई भाडे कायदा आला. त्यानं भाडं १ सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधून टाकलं आणि भाडेकरूला सहजासहजी काढता येणार नाही अशी तजवीज केली. कामगाराला हा कायदा म्हणजे ढाल. मालकानं मग दोन गोष्टी केल्या. दुरुस्ती बंद केली, आणि पागडी सुरू केली. पागडी कायद्यानं गुन्हा होती, पण खोली हातोहात तशीच फिरत राहिली. जुना भाडेकरू नव्याकडून रोख घेणार, मालक त्यात आपला हिस्सा काढणार, पावती नव्याच्या नावावर होणार. आजोबांची काळाचौकीची खोली अशीच होती. ती चाळ सगळी आपल्याच लोकांची. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, आणि तो कधी मिटलाच नाही. पहिल्यांदा आजीचे डोरले गेले, मग भांडी, मग दीड वर्षानं खोली पागडीवर सोडली आणि बिऱ्हाड भिवंडीला आलं. गिरणगावातल्या किती घरांची हीच गोष्ट आहे ते ज्याचं त्यानं घरात विचारावं. आजीनं खोलीच्या पावत्या मात्र दिल्या नाहीत. १९५८ पासूनच्या आहेत तिच्याकडे, पत्र्याच्या पेटीत.

कायदा कडक झाला तसा मालकानं शब्द बदलला. भाडं म्हणायचंच नाही. म्हणायचं लायसन्स. तुम्ही भाडेकरू नाही, तुम्हाला फक्त वापरायची परवानगी आहे. हाच तो लीव्ह अँड लायसन्स. १९७३ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली आणि १ फेब्रुवारी १९७३ ला जे लायसन्सवर खोलीत राहत होते ते कायद्यानं भाडेकरू ठरले. मालक हादरले. मग १९९७ मध्ये सुप्रीम कोर्टानं म्हटलं की भाडं इतकी वर्षं गोठवून ठेवणं योग्य नाही. १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा झाला, तो ३१ मार्च २००० पासून लागू आहे. त्यात जुन्या भाडेकरूचं संरक्षण राहिलं, पागडी कलम ५६ नं कायदेशीर झाली. आणि आपल्यासारख्या आज नव्यानं खोली घेणाऱ्याच्या वाट्याला लायसन्स आलं. मुदत संपली की खोली सोडायची. नाही सोडली तर कलम २४ प्रमाणे दुप्पट भाडं भरायचं. पणजोबांच्या पावतीत जी ताकद होती ती माझ्या करारात नाही, हे पहिल्यांदा नीट डोक्यात घ्या.

आता आजचं सांगतो. मागच्या वर्षी बहिणीला परळच्या बाजूला एका दवाखान्यात नर्सची नोकरी लागली. रातपाळी. भिवंडीहून रोज जाणं-येणं शक्य नाही. मी सुट्टीच्या दिवशी तिच्याबरोबर खोल्या बघत फिरलो. वन रूम किचन मिळालं तर बरं, नाही तर नुसती खोली. फोनवर सगळं ठरायचं. भाडं ठरायचं, तारीख ठरायची. मग विचारणा, पूर्ण नाव काय? नाव सांगितलं की दोन मिनिटं शांत. मग गाव कुठलं. मग नॉनव्हेज करता का. मग देव कुठले पुजता. एका ठिकाणी तर बाई म्हणाल्या, आम्हाला काही नाही हो, सोसायटीला चालत नाही. ही सोसायटी म्हणजे कोण ते आजवर मला भेटलेलं नाही. तोंडावर जात कुणी काढत नाही. आत्ताच दिली खोली, असं म्हणतात, आणि आठ दिवसांनी त्याच खोलीची जाहिरात पुन्हा दिसते.

तिसऱ्या आठवड्यात एजंट कंटाळला. म्हणाला, ताई, आडनाव पाटील सांगा ना, काय बिघडतं? मी काही बोलायच्या आत बहीण म्हणाली, “दादा, कागदावर अंगठा माझा लागणार, मग नाव पाटलाचं कसं लावता?” तिचं उत्तर स्वाभिमानाचं होतं, आणि हिशेबानंही बरोबर होतं. बाबुराव बागुलांच्या १९६३ च्या ‘जेव्हा मी जात चोरली होती’ मधला रेल्वे कामगार परमुलखात जात लपवून राहू शकला. उघड झाल्यावर मार खाल्ला, पण तोवर राहू शकला. बडोद्याच्या वहीत पारशी नाव चाललं. आज करार नोंदवताना आधार कार्ड लागतं, अंगठा मशीनवर लागतो, फोटो लागतो, मालकानं पोलिसांना माहिती द्यायची असते. आडनाव आता चोरता येत नाही. मशीन जात विचारत नाही, पण मशीनवर आलेलं आडनाव मालक वाचतो.

कायदा काय म्हणतो? १९५५ च्या कायद्यात, ज्याला १९७६ पासून नागरी हक्क संरक्षण कायदा म्हणतात, कलम ४ मध्ये स्पष्ट आहे, की अस्पृश्यतेच्या कारणानं कुणाला कुठल्याही वस्तीत घर बांधायला, घ्यायला किंवा राहायला अडवणं हा गुन्हा आहे. किती जणांनी हे कलम वाचलंय? पण सिद्ध काय करणार, तो तर ‘आत्ताच दिली’ म्हणतो. दुसरीकडे २००५ मध्ये सुप्रीम कोर्टानं अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात सांगितलं, की संस्थेनं सभासदत्व आपल्या समाजापुरतं ठेवलं तर ते चालेल. तो निकाल सभासदत्वाचा आहे, भाड्याच्या खोलीचा नाही. पण त्याचं नाव पुढं करून ‘आमच्यात चालत नाही’ म्हणणाऱ्यांना हिंमत आली, असं माझं मत आहे. दिल्लीच्या आसपास सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फोन करून आणि प्रत्यक्ष जाऊन खोल्या मागून बघितल्या, त्याचा अभ्यास २०१५ मध्ये छापून आला. वरच्या जातीच्या नावाला दार उघडतं, दलित नावाला कमी उघडतं, मुसलमान नावाला त्याहून कमी. आमचाही अनुभव तोच. बहिणीला शेवटी कुर्ल्याला खोली दिली ती एका कोकणी मुसलमान चाचांनी. त्यांनी फक्त रातपाळीला येणं-जाणं किती वाजता एवढं विचारलं, कारण खालचं गेट बंद करतात.

व्यवहार असा झाला, उपयोगी पडेल म्हणून उघड लिहितो. भाडं तेरा हजार, डिपॉझिट पन्नास हजार, अकरा महिने. एजंटनं एक महिन्याचं भाडं घेतलं. करार नोंदणीचे म्हणून साडेतीन हजार मागितले. आम्ही कागदावर मांडलं. अकरा महिन्यांचं भाडं एक लाख त्रेचाळीस हजार. डिपॉझिटवर सालाना दहा टक्के व्याज धरायचं, ते साडेचार हजारांच्या वर. दोन्हींच्या बेरजेवर पाव टक्का स्टँप ड्यूटी, म्हणजे पावणेचारशेच्या आत. नोंदणी फी शहरात हजार रुपये. झाले चौदाशे. बाकीचे दोन हजार शंभर कशाचे, असं विचारलं तर एजंट हसला आणि हजार रुपये कमी केले. ज्याला हिशेब विचारता येतो त्याचे हजार वाचतात.

अकरा महिनेच का, हेही विचारा. जुन्या नोंदणी कायद्यात वर्षाच्या आतला करार नोंदवायची सक्ती नव्हती, म्हणून मालकांनी ही अकराची सवय लावून घेतली. महाराष्ट्रात २००० पासून ती पळवाट नाही. कलम ५५ प्रमाणे अकरा महिन्यांचा असो की पाच, करार लेखी पाहिजे आणि नोंदलेला पाहिजे. नोंदवायची जबाबदारी मालकाची. नाही नोंदवला तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड. आणि मुख्य गोष्ट, जी एजंट कधी सांगणार नाही: नोंदलेला करार नसेल तर अटींबद्दल राहणारा जे म्हणेल ते खरं धरायचं, मालकानं उलट सिद्ध करेपर्यंत. म्हणून मालक ‘कशाला नोंदणी, विश्वासावर राहा’ म्हणाला तर विश्वास ठेवा, पण भाडं रोख देऊ नका. बँकेतून द्या, नाही तर पावती घ्या. हेवी डिपॉझिटवर, म्हणजे एकदम तीन-चार लाख देऊन बिनभाड्याची खोली घेणार असाल तर कराराशिवाय एक रुपया काढू नका. खोली सोडताना रंगाचे, नळाचे, पंख्याचे म्हणून डिपॉझिट कापतात. त्यासाठी शिरताना भिंतींचे, मोरीचे, मीटरच्या आकड्याचे फोटो काढून मालकाला पाठवून ठेवा. पूर्ण डिपॉझिट किती दिवसांत परत, हे करारात लिहून घ्या. बहिणीनं ‘चावी दिली त्याच दिवशी’ असं लिहून घेतलं. चाचा म्हणाले, पोरगी वकील दिसते.

तिनं खोलीत पहिल्या दिवशी बाबासाहेबांचा फोटो लावला, खिळा न ठोकता, कारण करारात खिळे ठोकायला मनाई आहे. दोरीनं खिडकीच्या गजाला.

आता एक काम. बीआयटी, बीडीडी, लेबर कॅम्प, काळाचौकी, नायगाव, कुठल्याही चाळीतल्या आपल्या घरांत जुन्या भाडेपावत्या असतील, ट्रस्टच्या, सरकारच्या, खाजगी मालकाच्या. पंचवीस-तीस घरांच्या जमल्या तरी कुणाला खोली कधी मिळाली, किती भाड्यानं, कुठल्या इमारतीत, कधी सुटली, हे एका तक्त्यात मांडता येईल. आजीच्या पावत्यांपासून मी सुरुवात केली आहे. पुढच्या अभ्यासवर्गाला येताना आणा. मूळ पावती घरातून काढू नका, झेरॉक्स आणा. मागच्या बाजूला राहणाऱ्याचं गिरणीतलं खातं आठवत असेल तर पेन्सिलीनं लिहून ठेवा.